जोडीची तारीख

"पूजा होईस्तवर संसाराचं एक अक्षर बोलायचं न्हाई. कुणी तिथी इचारली तर तेवढी सांगायची. तिथी देवाची असती, ती सांगितल्यानं नेम मोडत न्हाई."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी नवी सून होते, चूल फुंकत होते आणि धुरानं डोळे भरून आले होते. मी नुसती मान हलवली. त्या दिवशी सुरू झालेला नेम अजून सुरू आहे. पहाटे अंघोळ, मग पेठेतून फुलं घ्यायची, नदीकाठच्या महादेवाला जायचं, पूजा करायची आणि मगच बोलायला तोंड उघडायचं. आमच्या मालकांची सुरुवातीला फार अडचण व्हायची. एकदा गोठ्यात साप निघाला, तरी मी हातवारे करूनच सांगितलं. "अगं, त्यो बी देवच की! नागोबा म्हणायला काय हरकत हुती?" असं ते अजून म्हणतात.

पेठेतल्या बायकांना माझा नेम पाठ. मी फुलांपाशी थांबले की रंगूबाई विचारायच्या, "आज काय?" मी म्हणायची, "आज पंचमी." एवढंच. मग ती पंचमी भाजीवाल्या चांगुणाकडे जायची, तिच्याकडून कोथिंबीरवाल्या मालनबाईकडे, आणि अशी ओळीच्या शेवटापर्यंत पोचायची. कुणाला उपास असायचा, कुणाला चतुर्थीच्या दूर्वा उद्यासाठी खुडायच्या असायच्या. कॅलेंडर सगळ्यांच्या घरी होतं, पण ते घरी होतं. पेठेत मी होते.

ओळीत बत्तीस बायका. रंगूबाई त्यांच्यात थोरल्या. मारुतीच्या देवळाला लागून त्यांची जागा. नदीपलीकडच्या मळ्यातून त्यांचे मालक हौशीराम लुनावर शेवंतीचं गाठोडं आणून टाकायचे आणि बायकोचं बोलणं सुरू व्हायच्या आत लुना वळवायचे. रंगूबाईंचा हात फुलांवर फार हलका, आणि जीभ मात्र कुणावरच हलकी नाही.

आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा मला उभं केलं ते मी कुणाशी भांडत नाही म्हणून. निवडून आले. सभेत मी बोलले तर शेजारच्याला ऐकू जायचं नाही. नगराध्यक्ष हरिबा आबा म्हणायचे, "बाईंचं म्हणणं ऐकायचं तर पंखा बंद करावा लागतोय." आबांच्या घरी त्यांच्या वडिलांपर्यंत मेंढरं होती. स्वतः आबांनी पोरवयात कळपाबरोबर कोकण पाहिलेलं. आता ऊस होता, जीप होती, पण बोलणं मात्र कळपाचंच राहिलं होतं.

नव्याण्णव सालच्या ज्येष्ठात पेठेचा आराखडा सभेपुढे आला. रांजणगावला कंपन्या झाल्यापासून पेठेत सकाळी पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कामगारांना न्यायला बस पेठेतून यायची, दोन्ही बाजूंना मोटारसायकली, त्यांच्या पुढे हातगाड्या, आणि त्यांच्याही पुढे आमच्या बायका. पुण्याहून आलेल्या साहेबांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला. पिवळा रंग राहण्याचा, निळा व्यापाराचा, हिरवा शेतीचा. हायवेच्या पलीकडे एक चौकोन होता, त्यावर लिहिलं होतं 'भाजी व फूल बाजार'.

"तिकडं कोण जाणार फुलं घ्यायला?" आबांनी विचारलं.

"झोन पडला की गिऱ्हाईक येतंच," साहेब म्हणाले. माणूस चांगला होता, पण त्यांनी कधी पहाटे फुलं घेतली नसावीत.

कापडवाले भिमाजीशेठ आमच्यातलेच नगरसेवक. त्यांचं दुकान दवाखान्याच्या बाजूला. ते म्हणाले, "बायका गेल्याच पाहिजेत असं माझं म्हणणं नाही. पण दारात पाटी ठेवून बसल्या की माझं गिऱ्हाईक साडीऐवजी मेथी घेऊन घरी जातंय."

बराच वेळ वाद झाला. शेवटी साहेबांनी मधला मार्ग काढला. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला गाड्या, आणि बाजू रोज बदलायची. विषम तारखेला बायका मारुतीच्या बाजूला आणि गाड्या दवाखान्याच्या. सम तारखेला उलट. म्हणजे कुठल्याच दुकानदाराची रोज अडचण नको. पंधरा जुलैपासून एक महिना करून बघायचं. बायकांच्या तीन चुका झाल्या, तर बाजार हायवेपलीकडे.

"त्यांना समजावून सांगणार कोण?" भिमाजीशेठ म्हणाले.

मी म्हटलं, "मी सांगेन. माझी हमी."

कुणाला ऐकू गेलं नाही. आबांनी पंखा बंद करायला लावला, मग मी परत म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी पेठेत जाऊन मी सगळ्यांना सांगितलं. रंगूबाईंनी सम-विषमची सोय लावली. "म्हंजी जोडीची तारीख आन् एकल्याची तारीख. जोडीला दवाखाना, एकल्याला मारुती. मारुती बी एकलाच हाय, ध्यानात ऱ्हाईल." मग हळूच म्हणाल्या, "पर बाई, हायवेपल्याड न्हाई ना घालवणार? तिकडं एवढ्या लांब फुलं घ्यायला मेलेल्याची माणसंच येतील."

"तुमची जागा जाणार नाही," मी म्हटलं.

पंधरा तारखेला पहाटे मी नेहमीसारखी गेले. रंगूबाईंनी गाठोडं सोडलंही नव्हतं. विचारलं, "आज काय?"

मी म्हटलं, "आज बीज."

आणि महादेवाला गेले. पंचवीस वर्षं त्या प्रश्नाला मी जे उत्तर देत आले तेच दिलं. तारीख माझ्या मनातही नव्हती. पूजेआधी ती यायचीच नाही.

पूजा करून आले तर पेठेत आवाज कसला? बीज म्हणजे दोन, दोन म्हणजे जोडी, म्हणून बत्तीसच्या बत्तीस बायका दवाखान्याच्या बाजूला. आणि त्यांच्या पुढ्यात, आज पंधरा म्हणून, सगळ्या गाड्या. मधोमध कंपनीची बस. नगरपालिकेचा मुकादम गेणबा शिट्टी फुंकून लाल झाला होता. बसचा ड्रायव्हर उत्तरेकडचा, खिडकीतून अर्धा बाहेर आलेला.

"अरे मौसी, जरा साइड दो ना! शिफ्ट छूट जाएगी!"

"तुझी शिफ्ट गेली खड्ड्यात!" रंगूबाई ओरडल्या. "आज बीज हाय. आमी जोडीच्या बाजूला हाय. तुझ्या गाडीला सांग, तिला तिथी कळत न्हाई व्हय?"

"ये बीज क्या होता है?" ड्रायव्हरनं गेणबाला विचारलं. गेणबा म्हणाला, "कुछ नहीं, तुम हॉर्न बजाओ."

बस निघायला पाऊण तास लागला. साहेबांनी कागदावर लिहिलं : चूक क्रमांक एक.

मी आबांच्या घरी गेले आणि खरं काय ते सांगितलं. आबा आधी गंभीरपणे ऐकत होते, मग उपरणं तोंडाला लावून हसत राहिले. "बाई, बायकांनी अगदी बरोबर केलं. तुमी तिथी दिली, त्या तिथीवर बसल्या. साहेबानं तारीख दिली, त्यात बायकांचा काय दोष? पर आता दोनच चुका उरल्या, एवढं ध्यानात ठेवा."

नेम मोडायचा नव्हता आणि वचनही. मग मी वाट काढली. संध्याकाळी दिवा लावला की पेठेत जायचं आणि दुसऱ्या दिवशीची बाजू सांगून यायचं. "उद्या सोळा, दवाखाना." "उद्या सतरा, मारुती." रंगूबाईंचं पाठांतर चांगलं. पहाटे त्या "आज काय?" विचारायच्या, मी तिथी सांगायची, आणि त्या मागच्या बाईला बजावायच्या, "ही नुसती उपासाची हाय गं. बसायची येगळी."

पंधरा दिवस पेठ अशी चालली की मलाच खरं वाटेना. बस यायची, माणसं चढायची, बस जायची. ड्रायव्हर जाता जाता रंगूबाईंना नमस्कार करायचा आणि त्या म्हणायच्या, "जा बाबा, पोट भर." एकदा त्यांनी त्याच्या आरशाला शेवंतीचा गजरा बांधला. भिमाजीशेठसुद्धा म्हणाले, "एक दिवसाआड मेथी परवडते."

तीस तारखेला मला राहू गावाला नणंदेकडे जावं लागलं. तिच्या सुनेची ओटी भरायची होती. मी दोन-तीन दिवस नसणार. निघताना रंगूबाईंना सांगितलं, "मी नाही म्हणून घाबरू नका. एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं. रोज बाजू बदलत राहा, बास."

तिथीचा क्षय होतो, तिथीची वृद्धी होते, हे मला लहानपणापासून ठाऊक. कधी एकाच दिवसात तिथी येते आणि जाते, कधी दोन सकाळी एकच तिथी असते. पण इंग्रजी महिन्यातही असलं काही असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकतीस एकल्याची आणि तिच्या पाठीला लागून एक, तीही एकल्याची. दोन दिवस एकाच बाजूला बसायचं होतं. मी सांगून बसले होते, रोज बदला.

दोन तारखेला दुपारी मी एसटीतून उतरले, तर गेणबा स्टँडवरच माझी वाट बघत उभा. "बाई, घोळ झाला," एवढंच म्हणाला आणि शिट्टी खिशात घातली.

एक तारखेला बायका सवयीनं दवाखान्याच्या बाजूला बसल्या होत्या. गाड्याही सवयीनं मारुतीच्या बाजूला लागल्या. कुणालाच काही कळलं नाही. बस रोजच्यासारखी गेली. दोन तारखेला मात्र साहेबांनी गेणबाला कॅलेंडर दाखवलं, गेणबानं शिट्टी फुंकली, निम्म्या गाड्या फिरल्या, निम्म्या तशाच राहिल्या, बायका मारुतीच्या बाजूला अडकल्या, आणि बस तासभर हलली नाही. एक तारखेची एक, दोन तारखेची एक. पहिली धरून तीन चुका.

रंगूबाई रिकाम्या पाटीपाशी बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "बाई, आमी रोज बदललं. देवाशपथ बदललं."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"तुमचं कवा चुकतंय?" त्या म्हणाल्या. त्यांनी दोष दिला असता तर मला हलकं वाटलं असतं.

पाच तारखेला सभा भरली. बायका दारापाशी उभ्या, आत यायला कुणी नको म्हटलं नव्हतं तरी उंबऱ्याबाहेरच. भिमाजीशेठ उठले. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण उठले. "तीन चुका ठरल्या होत्या, तीन झाल्या. ठराव म्हणजे ठराव. बाजार पलीकडे न्यावा."

मी उठले. आबांनी न सांगताच शिपायानं पंखा बंद केला.

"तिन्ही चुका माझ्या आहेत," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी मी तिथी सांगितली, तारीख नाही. आणि एकतीसनंतर एक येते हे मी विसरले, आणि रोज बाजू बदला म्हणून सांगून गेले. बायकांनी मी सांगितलं तसंच केलं. त्यांची एकही चूक नाही."

"मग काय तुम्हाला बसवायचं हायवेपल्याड?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले.

"बसवा," मी म्हटलं. "पण मी एकटी जाईन."

हसणं थांबलं. आबांनी गेणबाला पुढे बोलावलं. "एक तारखेला गाड्या कुठं हुत्या रं?"

"मारुतीच्या बाजूला, आबा. समद्या."

"कागदावर कुठं पायजे हुत्या?"

"दवाखान्याच्या."

"माझी जीप?"

गेणबा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला.

"बोल की. मी काय खातो का तुला?"

"मारुतीच्याच बाजूला, आबा."

"आन् भिमाजीशेठची स्कूटर?"

"तुमच्या जीपच्या मागं. चिकटून."

भिमाजीशेठ आधी लाल झाले, मग त्यांनाच हसू आलं. "खरंच की. मी काल तिकडं, आज इकडं करत गेलो."

"साहेब, त्या दिवशी बस किती येळ अडली?" आबांनी विचारलं.

साहेबांनी कागद चाळले. "अडली नाही. उलट पंधरा जुलैपासून सगळ्यात लवकर त्याच दिवशी गेली."

"म्हंजी समदा गाव चुकला तवा पेठ चालली, आन् निम्मा गाव बरोबर झाला तवा अडली." आबा खुर्चीत मागे टेकले. "मेंढरांचं असंच असतंय. इकडं गेली काय, तिकडं गेली काय, समदी एकीकडं गेली पायजेत."

"म्हंजी आमी मेंढरं व्हय, आबा?" दारातून रंगूबाईंचा आवाज आला.

"तुमी कशाला, मीच मेंढरू! माझी जीप कुठं हुती ते ऐकलं न्हाई का?"

साहेबही हसले. मग ठरलं ते असं. पहिली चूक बायकांची धरायची, पुढच्या दोन सगळ्या गावाच्या. दिवाळीपर्यंत मुदत वाढवायची. पण साहेबांनी एक अट घातली, आणि ती रास्त होती. संध्याकाळी सांगितलेलं सकाळी विसरतं. रोज पहाटे सहाच्या आत, ओळ बसायच्या वेळी, कुणीतरी पेठेत उभं राहून बाजू दाखवली पाहिजे. एक दिवस चुकला की बाजार हलणार. पाटी लावू म्हटलं तर निम्म्या बायकांना ती वाचता येत नव्हती. गेणबाची पाळी सातला सुरू व्हायची.

"कोण करंल?" आबांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर लक्षात आलं. पहाटे सहाच्या आत म्हणजे पूजेच्या आधी. आणि तारीख देवाची नसते.

सभा सुटल्यावर मी जिन्यात थांबले. आबा सावकाश उतरत आले. त्यांना माझ्या नेमाचं माहीत होतं, सगळ्या गावालाच होतं.

"अडकला ना?" ते म्हणाले.

"पूजा आधी उरकली तर? चारला उठून?"

"महादेवाचं दार गुरव साडेसहाला उघडतोय. त्याच्या दाराशी का भांडणार हाय तुमी?"

पंचवीस वर्षांचा नेम, आणि दिलेला शब्द. दोन्ही माझेच.

आबा कठड्याला टेकले. "कोकणात जायचो तवा घाटात दोन वाटा फुटायच्या. आमचा चुलता भैरू कधी मेंढरांना बोलून सांगत नव्हता. वराडलं की मेंढरू बिथरतंय. त्यो नुसता जाऊन योग्य वाटंवर उभा ऱ्हायचा, घोंगडी खांद्यावर टाकून. कळप आपसूक त्याच्याकडं वळायचा." मग म्हणाले, "बाई, तुमाला बोलायला कुणी सांगितलंय? साहेबानं काय म्हटलं, उभं राहून दाखवायचं. उभं ऱ्हायाला जीभ लागत न्हाई."

मला हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही. मी वाकून नमस्कार करायला गेले तर ते दोन पायऱ्या खाली सरकले. "अवो, नगरसेविका हाय तुमी. लोक बघतील."

खाली रंगूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हंजी उद्या तुमी जिथं, आमी तिथं?"

"हो. पण पाऊस, थंडी, आजारपण, मी येईनच. तुम्ही मात्र मी दिसेपर्यंत गाठोडं सोडायचं नाही."

"आन् तिथी?"

"ती विचारा. ती सांगेन."

"मग झालं," रंगूबाई म्हणाल्या. "दिवाळीपातूर म्हणालं साहेब. दिवाळीला तर माझा झेंडू असतोय." आणि पदर खोचून निघाल्या. त्यांनी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवसासाठी फुलं तोडायला उशीर होत होता.

घरी येऊन मी मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग कॅलेंडर स्वयंपाकघरातून काढून दाराशेजारच्या खिळ्याला लावलं. "अंधारात दिसत न्हाई म्हणशील, म्हणून मोठ्या आकड्याचं आणतो पुढच्या वर्षी," एवढंच म्हणाले.

सहा तारखेला पहाटे अंघोळ झाली. घरात सगळे झोपलेले. निरांजन कॅलेंडरजवळ धरलं. वर बारीक अक्षरात तिथी होती, ती मी आधी वाचली. मग मोठा आकडा. सहा. जोडीची. दवाखान्याची बाजू.

बोटांवर परत मोजलं. काल पाच, आज सहा, उद्या सात. महिना संपायला अजून पंचवीस दिवस होते, तरी पुढचं पान उलटून एकतीस आणि तिच्या पाठीला येणारी एक बघून घेतली.

मग फुलांची परडी घेतली, पदर डोक्यावरून सारखा केला. चपला हातात धरूनच ओटा उतरले, कुणाची झोप मोडू नये म्हणून. फाटकाची कडी आवाज न करता ओढून घेतली आणि पेठेच्या दिशेनं चालू लागले.